अकरावा गडी

ओपनिंगला कोण चांगला, यावर लोक चहाचे कपच्या कप रिकामे करतात. मी त्या वादात पडत नाही. मला विचारायचंच तर शेवटी येणाऱ्यांबद्दल विचारा. रेडिओवर शेवटचा गडी मैदानात आला की कॉमेंटेटरच्या आवाजातच आवराआवर सुरू व्हायची. हॉटेलात कान देऊन बसलेले लोक उठायचे, चपला शोधायला लागायचे, आणि मी मात्र खुर्ची रेडिओजवळ ओढायचो. ज्याच्याकडून कुणालाच काही नको असतं, तो माणूस काय करतो, हे मला पाहायचं असायचं.

खानदेशात मी बरेच अकरावे पाहिले. धुळ्याला एक ड्रॉइंगमास्तर होते, ते डोळे मिटून बॅट फिरवायचे आणि बॉल लागलाच तर स्वतःच दचकायचे. भुसावळचा एक रेल्वेतला माणूस होता, तो पहिल्याच बॉलवर पळत सुटायचा, मग बॉल कुठे का असेना. पण सगळ्यांत चांगला अकरावा आमचा होता, जळगावचा. आणि त्याचं वाटोळं मी केलं. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे कुणी माझ्याकडून चांगुलपणाची अपेक्षा करायला नको.

गोष्ट साठच्या दशकाच्या शेवटाची. आमचा क्लब म्हणजे मेहरूणच्या वाटेवरचं एक मुरमाड मैदान, काथ्याची एक मॅट, दोन जोड पॅड, एक बरी बॅट आणि ती बॅट कुणी घ्यायची यावरून भांडणं. दिवाळीपासून होळीपर्यंत दर रविवारी मॅच. मी कॅप्टन. कलेक्टर कचेरीत कारकून होतो, घरी इस्त्री केलेली पांढरी पँट घालून सायकलवरून निघालो की आळीतल्या बायका दारात येतात असा माझा समज होता. ओपनिंगला यायचो. सत्तर, ऐंशी पुष्कळदा केले होते, शंभर कधीच नाही. त्या मैदानावर शंभर कुणीच केले नव्हते, आणि पहिले मीच करणार हे मी सगळ्यांना सांगून ठेवलं होतं.

क्लबचे सेक्रेटरी म्हणजे कापसाची जिनिंग असलेले एक शेटजी. मूळचे मारवाडातले, पण तीन पिढ्या जळगावात. त्यांना क्रिकेट फारसं कळायचं नाही, पण रविवारी मैदानाच्या कडेला आरामखुर्ची टाकून बसायला आवडायचं. माणूस भला होता. फक्त दारूचं नाव काढलं की उठून जायचे. सख्खा भाऊ त्या पायी गेला होता, असं लोक सांगत. त्यांच्या जिनिंगमध्ये हंगामापुरती माणसं लागत, त्यातलाच एक त्यांनी आम्हाला मॅट टाकायला दिला. एरंडोलकडच्या खेड्यातला, पंचविशीचा, काळासावळा, हाताने राकट, बोलायला बेताचा.

मॅट टाकणं हे काय काम असतं ते आता कुणाला ठाऊक नाही. पहाटे मुरूम झाडायचा, खडे वेचायचे, पाणी मारायचं, रोलर ओढायचा. मग जिनिंगच्या गोदामातून मॅटचं भेंडोळं खांद्यावर आणायचं, पसरायचं, आणि चारी बाजूंनी ताणून खिळे ठोकायचे. सगळी मेख त्या ताणण्यात. मॅट ताणून बसवली की बॉल सरळ आणि उंच येतो. जरा सैल सोडली की वळतो, मध्येच बसतो. आमच्याकडे दोन स्पिनर होते, म्हणून पाहुण्यांची बॅटिंग यायच्या आधी मी त्याला नुसती दोन बोटं दाखवायचो. तो जाऊन एका टोकाचे दोन खिळे उपटून एक इंच अलीकडे ठोकायचा. ही लबाडी सगळेच क्लब करायचे, धुळेवालेही करायचे. आमच्याकडे ती सफाईने व्हायची एवढंच.

एका रविवारी आमचे दहाच जण आले, म्हणून मी त्याला अकरावा घेतला. अनवाणीच आला. मी म्हणालो, काही करू नकोस, नुसता उभा राहा. तो उभा राहिला आणि पाऊण तास उभाच राहिला. एकही धाव काढली नाही, आउटही झाला नाही. मॅच वाचली.

पुढच्या रविवारी पुन्हा घेतला, पुन्हा तेच. मग आम्ही त्याला 'अकरावा' म्हणूनच हाक मारायला लागलो. त्याचं खरं नाव स्कोअर लिहिणाऱ्यालाही विचारावं लागायचं. त्याची तऱ्हा अशी की बॅट उचलायचाच नाही. बॉलरच्या हातातून बॉल सुटला की तो मॅटकडे बघायचा, बॉलकडे नव्हे. मग जिथे बॉल येणार तिथे बॅट आधीच नेऊन ठेवायचा. मी एकदा विचारलं, तुला कसं कळतं रे? तो खाली बसला, मॅटवरून तळहात फिरवला आणि म्हणाला, "भाऊ, आठे पडना का उठस, तठे पडना का बसस. त्यात बॉलरनं काय शे?"

बरोबरच होतं. त्या मॅटचा प्रत्येक टाका त्याने दाभणाने घातलेला होता. खाली कुठे उंचवटा आहे, कुठे काथ्या विरला आहे, हे त्याच्या हाताला पाठ होतं. आम्ही बॉलरशी खेळायचो, तो मॅटशी खेळायचा. तीन हंगामांत तो एकदाही बोल्ड झाला नाही. दोनदा रनआउट झाला, आणि दोन्ही वेळा चूक माझी होती.

म्हणून आम्ही त्याला मान द्यायला लागलो असं समजू नका. आम्ही त्याची यथेच्छ टवाळी करायचो. पॅडचे दोनच जोड असल्यामुळे आउट झालेल्याचे पॅड सीमारेषेवर सोडवून पुढच्याने बांधायचे अशी आमची पद्धत होती. त्याला ते पट्टे लवकर बांधता येत नसत. तो मांडी घालून खाली बसायचा आणि पट्ट्यांशी झटायचा. आमच्यातला एक जण मुद्दाम त्याचे पट्टे उलटे अडकवून द्यायचा, मग अंपायर, फिल्डर सगळे हसायचे. मी सगळ्यांत मोठ्याने हसायचो. चहाच्या वेळी आम्ही खुर्च्यांवर बसायचो आणि तो मॅटच्या कडेला बसून खिळे सरळ करायचा. कुणी त्याला खुर्ची दिली नाही, आणि त्यानेही कधी मागितली नाही.

तिसऱ्या हंगामात धुळ्याच्या एका मिलची टीम आमच्याकडे खेळायला आली. त्यांचे कॅप्टन मिलमधले बडे साहेब होते. गोरे, उंच, बोलायला गोड. मिलमध्ये चांगल्या खेळाडूंना पक्की नोकरी देतात, ही गोष्ट तेव्हा सगळ्या खानदेशात माहीत होती. मीही तिच्यावर डोळा ठेवून होतो. कचेरीत खालमानेने बसून माझी मान दुखायला लागली होती. मिलमध्ये साहेबांच्या हाताखाली बसावं, रविवारी त्यांच्याबरोबर खेळावं, असं स्वप्न मी बायकोलाही सांगून बसलो होतो. त्या मॅचमध्ये मी अठ्ठ्याहत्तर काढले. अकरावा माझ्याबरोबर सव्वा तास टिकला आणि मॅच अनिर्णित राहिली. साहेबांनी जाताना माझा हात हातात घेतला, आणि मला वाटलं, झालं काम.

महिन्याभराने परतीची मॅच धुळ्याला होती. आम्ही पहाटेच्या एसटीने निघालो. त्यांच्याकडे मॅट होती, तरी कमी पडली तर असावी म्हणून आमची मॅटही बसच्या टपावर टाकली होती. अकराव्याला तिच्याबरोबर वर बसायचं होतं, कंडक्टरने नाही म्हटलं, म्हणून तो माझ्या शेजारी येऊन बसला. पारोळा मागे पडल्यावर तो आपणहून बोलायला लागला. मी त्याला इतकं बोलताना कधी ऐकलं नव्हतं.

लग्न होऊन दोन वर्षं झाली होती. बायको यावलकडची, केळीच्या बागेत कामाला जाणाऱ्या घरातली. लग्नानंतर सहा महिने त्याच्याकडे राहिली, मग बाप घेऊन गेला तो पुन्हा पाठवलीच नाही. "मना सासरा म्हणस, जिनिंग चार महिनानं. पक्की नौकरी दखाड, मंग पोरले धाडसू," तो म्हणाला. सासऱ्याने मुदतही दिली होती. "आखाजीलोंग वाट दखसू, म्हणस. नहीतर मोडसू." आखाजी म्हणजे अक्षय तृतीया, तेव्हा चार महिन्यांवर आली होती.

मी विचारलं, आणि बायको काय म्हणते? तो खिडकीबाहेर बघत म्हणाला, ती रडते. मग म्हणाला, भाऊ, मिलचे साहेब खेळणाऱ्याला घेतात म्हणे. मला घेतील का? मी त्याच्या पाठीवर थाप मारली. "तू आउट होऊ नकोस, बाकी मी बघतो," असं मी म्हणालो. तेव्हा मी ते मनापासून म्हणालो होतो. माणसाला वाईट व्हायला फार वेळ लागत नाही, पण बसमध्ये तरी मी वाईट नव्हतो.

धुळ्याला पोचल्यावर बाकीचे चहाला गेले. हा अनवाणी त्यांच्या मॅटवरून या टोकापासून त्या टोकापर्यंत तीनदा चालला. त्यांचा माळी हसत होता. दुपारी मी बारा धावांवर मूर्खासारखा बाद झालो, बाकीचेही पटापट गेले, आणि हा अकरावा येऊन संध्याकाळपर्यंत उभा राहिला. त्यांचा फास्ट बॉलर त्याच्या बरगड्यांवर बॉल टाकत होता. दोन लागलेही. तो चोळायचासुद्धा नाही. शेवटी साहेब स्वतः बॉलिंगला आले, तरी हा हलला नाही. लोक त्याच्या प्रत्येक बॉलला टाळ्या देत होते. मी मैदानाबाहेर पॅड सोडून बसलो होतो, आणि खरं सांगतो, मला त्याचा राग येत होता. आपल्याच टीमची मॅच वाचवतोय आणि मला राग येतोय, हे मला तेव्हाही कळत होतं.

मॅच संपल्यावर साहेबांनी मला बाजूला घेतलं. मी शर्टाची बाही नीट केली. साहेब म्हणाले, "तुमच्याकडे एक मागायचं आहे." "तुमचा तो अकरावा आम्हाला द्या. मॅट पण टाकतो म्हणे. मिलमध्ये पक्का करून घेतो. असा माणूस मी पाहिला नाही."

माझ्याबद्दल एक अक्षर नाही. इतकी वर्षं मी धावा काढत होतो, आणि त्यांना हवा होता माझा मॅटवाला. त्या क्षणी मला दोन गोष्टी सुचल्या. एक, हा गेला तर आमची मॅट कोण टाकणार? हे मी मागाहून स्वतःला सांगायला शोधलेलं कारण असेल. दुसरी खरी होती. जे मला मिळालं नाही ते याला मिळू द्यायचं नाही.

मी म्हणालो, "माणूस चांगला आहे, साहेब. कामाला वाघ आहे. पण..." आणि पुढे बोललो नाही. नुसती मूठ वळली, अंगठा ओठाला लावला आणि मान जरा मागे टाकली. साहेबांचा चेहरा पडला. "रोज?" त्यांनी विचारलं. मी नुसते डोळे मिटले आणि उघडले. "मग नको बुवा," ते म्हणाले. "आमच्याकडे मशीनवर काम. एक बोट गेलं तर आमच्या गळ्याशी येतं." मी म्हणालो, "म्हणूनच सांगितलं."

तो माणूस दारूला शिवत नसे. होळीलासुद्धा नाही. चहा घ्यायचा, तोही गूळ घातलेला.

परतीच्या बसमध्ये तो पुन्हा माझ्या शेजारी बसला. साहेब माझ्याशी बोलताना त्याच्याकडे बोट दाखवत होते हे त्याने पाहिलं होतं. "साहेब मनाबद्दल काय बोलनात, भाऊ?" मी म्हणालो, तुझ्या बॅटिंगचं फार कौतुक करत होते. तो खूश झाला. मग वाट पाहिली आणि म्हणाला, अजून काही? मी म्हणालो, नाही रे, अजून काही नाही. थंडी होती, मी मफलर नाकावर घेतला आणि झोपल्याचं सोंग केलं.

आठ दिवसांनी तो कचेरीत आला. दाराबाहेर चपला काढून उभा. साहेबांना अर्ज लिहून द्या म्हणाला. आमच्या कचेरीत माझं अक्षर सगळ्यांत चांगलं, मराठी अर्ज मी लिहिला की कलेक्टरसुद्धा वाखाणायचे. मी कोरा फुलस्केप घेतला, समास सोडला. तो सांगू लागला, "लिखा भाऊ, मी मॅट चांगली टाकस. आनि मी आउट व्हत नही." मी त्याचं शुद्ध मराठी केलं. मायबाप साहेबांनी माझ्या अर्जाचा सहानुभूतीने विचार करावा, अशी अखेर केली. त्याने अंगठा नको म्हणून मोठ्या कष्टाने सही केली. तो अर्ज मी पोस्टात टाकला, अगदी इमानदारीने टाकला. त्याचं काय होणार हे मला माहीत होतं, म्हणूनच तर तो टाकायला काही वाटलं नाही.

मग दर शनिवारी तो कचेरीच्या दारात यायचा. "धुयाथीन काही उनं का, भाऊ?" धुळ्याहून काही आलं नाही, अशा अर्थाने मी मान हलवायचो. माझ्या शेजारचा कारकून त्याची नक्कल करायला शिकला. पुढे पुढे तो दिसला की आम्ही दोघंही आधीच मान हलवायचो आणि हसायचो. तोही हसायचा. एकदाही त्याने मला विचारलं नाही की तुम्ही साहेबांना पुन्हा सांगाल का. मी आधीच सांगितलं आहे, अशी त्याची खात्री होती.

आखाजी आली. गावात झोके बांधले गेले, माहेरवाशिणी गाणी म्हणू लागल्या. आखाजीनंतर पंधरा दिवसांत त्याला यावलला बोलावणं आलं. चार पंच बसले, त्याच्या हातात काडी दिली आणि मोडायला सांगितली. त्याच्या जातीत अशी काडीमोड चालते, कोर्टकचेरी लागत नाही. त्याने मोडली. महिन्याभरात बापाने पोरीचा पाट एका ट्रक ड्रायव्हरशी लावून दिला. ही बातमी मला त्याने नाही, जिनिंगच्या मुकादमाने सांगितली. मुकादम म्हणाला, हा काडी मोडत नव्हता, तासभर हातात धरून बसला होता. पंच वैतागले. मला ते चित्र डोळ्यांसमोर आणायला काहीच त्रास झाला नाही. मी त्याला तासभर उभं राहताना पुष्कळदा पाहिलं होतं.

वाईट वाटलं का? वाटलं. दोन दिवस जेवण गेलं नाही. तिसऱ्या दिवशी भरीत होतं, ते जेवलो.

पुढच्या हंगामात धुळ्याची टीम पुन्हा आमच्याकडे आली. टॉस उडवायला साहेब आणि मी मैदानाच्या मध्यावर गेलो. टॉस मी हरलो. ते पहिली बॅटिंग घेतो म्हणाले आणि सहज बोलल्यासारखं म्हणाले, "तो तुमचा अकरावा गेल्या महिन्यात मिलच्या फाटकावर आला होता. माझा अर्ज आला का, विचारायला. मला दया आली. मी सरळच सांगितलं, तुझ्या कॅप्टननी सगळं सांगितलंय, आधी दारू सोड, मग ये."

मी विचारलं, तो काय म्हणाला? साहेब म्हणाले, "काहीच नाही. माझ्याकडे बघत राहिला. मग नमस्कार करून गेला."

म्हणजे महिनाभर त्याला माहीत होतं. महिनाभर तो दर रविवारी येऊन मॅट टाकत होता, मला 'भाऊ' म्हणत होता. मी मॅटकडे वळून पाहिलं. त्या दिवशी मी त्याला बोटं दाखवली नाहीत, माझी हिंमतच झाली नाही. धुळेवाल्यांनी दोनशेच्या आसपास केले. मधल्या सुटीत तो नेहमीप्रमाणे खिळे तपासत टोकापासून टोकापर्यंत गेला. मी बॅटिंगला आलो तेव्हा आधी मॅटवर बॅट ठिकठिकाणी दाबून पाहिली. कुठे सैल केली असेल? कुठला खिळा काढला असेल? पहिली पाच षटकं मी बॉलकडे कमी आणि खाली जास्त बघितलं.

मॅट निर्दोष होती. इतकी ताणलेली, इतकी खरी मॅट मला आयुष्यात मिळाली नव्हती. बॉल जिथे यायला हवा तिथेच येत होता. हळूहळू माझी भीती गेली आणि निर्लज्जपणा परत आला. मी असा खेळलो की शेटजी आरामखुर्चीतून उठून उभे राहिले. पन्नास झाले, ऐंशी झाले. दुसऱ्या बाजूने गडी जात राहिले. ऊन उतरायला लागलं तेव्हा मी सत्त्याण्णवावर होतो, जिंकायला चार हवे होते, आणि आमचा दहावा गडी बोल्ड झाला. षटकाचा एकच बॉल राहिला होता. तो अडवला की पुढचं षटक माझं. माझे शंभर आणि टीमची जीत, दोन्ही एकाच फटक्यात.

तो सीमारेषेवर बसून पॅड बांधत होता. या वेळी त्याने पट्टे सावकाश, एकेक करून, न चुकता बांधले. कुणी हसलं नाही. मी अर्ध्या वाटेवर त्याला सामोरा गेलो.

"एकच बॉल आहे," मी म्हणालो. "नुसता अडव." त्याने मान डोलावली.

बॉलर स्पिनर होता. बॉल साधा, सरळ, मधल्या स्टंपवर. तो अडवायला अकराव्याला डोळेही लागले नसते. त्याने बॉलकडे पाहिलं नाही, मॅटकडेही पाहिलं नाही. बॅट खांद्यावर ठेवली, एक पाऊल बाजूला झाला, तिन्ही स्टंप उघडे सोडले आणि बॉल येईपर्यंत माझ्याकडे बघत राहिला.

मधला स्टंप पडला. धुळेवाले ओरडत एकमेकांच्या अंगावर पडले. तो माझ्या बाजूने चालत आला आणि शेजारून जाताना थांबला. आवाज चढवला नाही.

"भाऊ, मी आज पेयेल शे," तो म्हणाला, आणि पुढे गेला.

मी बाहेर आलो तेव्हा आमच्या पोरांनी त्याला घेरलं होतं. एकाने त्याची कॉलर धरली होती. दुसरा शिव्या देत होता. भाऊची सेंच्युरी घालवलीस, मुद्दाम केलंस. तो हातातली बॅट जमिनीला टेकवून उभा होता. तेवढ्यात मागून अंपायर म्हणाला, मी ऐकलं, तो स्वतःच म्हणाला की पिऊन आलोय. शेटजी गर्दीतून पुढे आले. त्यांनी त्याच्याकडे पाहिलं नाही, माझ्याकडे पाहिलं.

"तुम्ही जवळ होतात," ते म्हणाले. "हा प्यायलेला आहे का? खरं सांगा. तुम्ही म्हणाल ते मी मानेन."

आता तोही माझ्याकडे बघत होता. नाही म्हटलं असतं तर पुढचा प्रश्न आला असता, मग तो असं का म्हणाला? आणि साहेब चार पावलांवर चहा पीत उभे होते. धुळ्याला मी नुसता अंगठा हलवला होता. या वेळी तोंडाने बोलावं लागलं.

"हो," मी म्हणालो. "मला वास आला."

शेटजींनी जिनिंगच्या मुनीमजींना जवळ बोलावलं आणि सोमवारपासून याला जिनिंगच्या फाटकात घेऊ नका, असं सांगितलं. मग माझ्या खांद्यावर हात ठेवला.

"शंभर तीन धावांनी हुकले तुमचे. फार वाईट झालं."

मी पॅडचे पट्टे सोडत म्हणालो, "चालायचंच, शेटजी."